आपल्या बाजूचा टोन

लासलगावच्या अलीकडे रस्त्याला लागूनच नानांची कांदाचाळ आहे. उन्हाळ कांदा एकदा चाळीत गेला की पुढचे चार-पाच महिने घरातल्या सगळ्यांचा जीव त्या चाळीत अडकलेला असतो. तापमान २५ ते ३० अंश आणि हवेतला दमटपणा ६५ ते ७० टक्के, एवढ्यात राहिलं तर कांदा टिकतो. पावसाळ्यात ओल वाढली की सड आतल्या थरात सुरू होते आणि वास बाहेर येईपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. आतली हवा घरबसल्या कळावी म्हणून नानांनी नाशिकहून निखिलला बोलावून घेतलं.

निखिलने आणला तो बीगलबोन ब्लॅक नावाचा बोर्ड. २०१३ साली बाजारात आलेला, जेमतेम एटीएम कार्डाएवढा. पण त्यावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी मेमरी आणि नंतरच्या आवृत्तीत ४ जीबीची साठवण असं सगळं बसवलेलं असतं आणि पूर्ण लिनक्स चालतं. पडदा नाही, कीबोर्ड नाही. बाहेरून दिसतात ते फक्त दिवे. वीज पोचली की एक दिवा लागतो आणि लिनक्स नीट उठलं की चार निळ्या दिव्यांपैकी एक ठोके द्यायला लागतो. लॅपटॉपला यूएसबी केबलने जोडला की १९२.१६८.७.२ या पत्त्यावरून आत शिरता येतं. मात्र ही सोय लिनक्स उठल्यानंतरची. त्याआधीच कुठे बिनसलं तर या पत्त्यावरून कितीही हाका मारा, उत्तर येत नाही.

चाळीवर सोपान नावाचा मुलगा रोजाने कामाला होता. आयटीआयला वायरमनचं एक वर्ष करून घरच्या अडचणीमुळे त्याने शिक्षण सोडलं होतं. बोलायला कमी, हाताला नेटका. बोर्डाला लागते ५ व्होल्टची वीज आणि चाळीवरच्या कॅमेऱ्याचा अडॅप्टर १२ व्होल्टचा. पण दोन्हींची पिन हुबेहूब सारखी, एकीच्या जागी दुसरी सहज बसते. हे सोपानच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं. कुणी सांगायच्या आधी त्याने कॅमेऱ्याच्या अडॅप्टरला पिनेजवळ लाल टेप गुंडाळली. असली टेप कुणाच्या बिलात दिसत नाही, पण बोर्ड वाचतात ते अशा माणसांमुळे.

गुरुवारी संध्याकाळी निखिल बोर्डावर नवीन लिनक्स चढवत होता. मायक्रो-एसडी कार्डावरून बोर्डाच्या आतल्या साठवणीत सगळं उतरवायचं, असं ते काम. उतरवणं चालू असेपर्यंत चारही निळे दिवे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळत राहतात. झालं की थांबतात. निखिलला सहाची बस गाठायची होती. फोन चालू, खांद्याला बॅग, नजर घड्याळावर. त्याने कार्ड उपसलं, वीज काढली आणि सोपानच्या हातात बोर्ड दिला.

"सर, दिवे अजून पळत होते," सोपान म्हणाला.

"लुकलुकतातच ते. सकाळी सेन्सरच्या चार तारा लाव, वीज दे आणि मला फोन कर."

शुक्रवारी सकाळी सोपानने कागदावरच्या आकृतीप्रमाणे तारा लावल्या. तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट, पहिल्यावर ग्राउंड, उरलेल्या दोन एकोणीस आणि वीसवर. वीज दिली. विजेचा दिवा लागला. निळ्या दिव्यांचा ठोका काही सुरू होईना. चाळीवरच्या लॅपटॉपवरून १९२.१६८.७.२ ला हाक मारून पाहिली, उत्तर नाही.

फोनवर निखिलने विचारलं, "तिसऱ्याऐवजी पाचव्या पिनवर तार लावलीस का?"

"नाही सर, तिसऱ्यावरच आहे."

"मग वीज आधी दिलीस आणि तारा नंतर खोचल्यास. काहीतरी केलंयस तू. बोर्ड गेला."

निखिल दुष्ट नव्हता आणि त्याची शंका अगदीच हवेतली नव्हती, हे इथे सांगायला हवं. त्या बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. तिसरी आणि पाचवी पिन एकमेकींना लागून आहेत; पाचवीवर ५ व्होल्ट असतात आणि ते सिग्नलच्या पिनेत शिरले तर प्रोसेसर कायमचा जाऊ शकतो. असे बोर्ड जळलेले त्याने पाहिले होते. पण जे होऊ शकतं ते झालंच आहे, असं तो धरून चालला आणि तेच त्याने नानांना फोनवर सांगितलं. नाना तापले. दोन हंगाम मेहनतीने काम केलेल्या पोराला त्यांनी दुपारी सांगून टाकलं, "उद्यापासून येऊ नकोस." सोपानने चाळीची किल्ली खुंटीला लावली आणि तो घरी गेला.

शनिवारी निखिल दुसरा बोर्ड घ्यायचा का, हे ठरवायला आला. पडवीत नानांचे थोरले चुलतभाऊ तात्या बसले होते. तात्यांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. शेवटची बरीच वर्षं सी-डॉटच्या १२८ पोर्टांच्या ग्रामीण एक्स्चेंजवर. शेजारच्या पाच-सहा गावांचे फोन त्यांच्या हातावर चालत.

"काय झालंय त्याला?" तात्यांनी बोर्डाकडे बोट दाखवलं.

"जळलाय तात्या."

"कशावरून?"

"काही बोलतच नाही."

"बोलत नाही, की आपल्याला ऐकू येत नाही? आमच्याकडे हे दोन वेगळे फॉल्ट असायचे."

निखिल थांबला. तात्या सांगू लागले. फोन बंद असल्याची तक्रार आली की लोकांना वाटे, लाइनमनला खांबावर चढवलं की काम झालं. तात्या आधी एक्स्चेंजमधल्या मुख्य फ्रेमवर ती जोडी तोडत आणि आतल्या बाजूला टोन येतोय का ते पाहत. आतच टोन नसेल, तर दोष एक्स्चेंजचा. मग भर उन्हात लाइनमनला पाच किलोमीटर सायकल मारायला लावणं, वर त्यालाच कामचुकार ठरवणं, हा अन्याय. "आपल्या बाजूचा टोन बघितल्याशिवाय मी कुणाला कधी बाहेर पाठवलं नाही," तात्या म्हणाले. "तुझ्या बाजूचा तू बघितलास?"

निखिलच्या बॅगेत यूएसबी-सीरियल अडॅप्टर होता. अशा बोर्डाशी बोलायचा हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात खात्रीचा रस्ता. नेटवर्क उठो न उठो, वीज मिळाल्यापासून काही क्षणांतच बोर्ड सीरियलवर आपली हकीगत सांगायला लागतो. पण यूएसबीची सवय झालेल्या निखिलने तो अडॅप्टर कित्येक महिन्यांत बाहेर काढला नव्हता.

त्याने तीन तारा घेतल्या. बोर्डावर सीरियलसाठी सहा पिनांची वेगळी पट्टी असते. तिची पहिली पिन ग्राउंड, चौथी बोर्डाचा कान, पाचवी बोर्डाचं तोंड. अडॅप्टरचं तोंड बोर्डाच्या कानाला आणि अडॅप्टरचा कान बोर्डाच्या तोंडाला, अशी उलटसुलट जोडणी. अडॅप्टर ३.३ व्होल्टवर, त्याची विजेची लाल तार मोकळी, वेग ११५२००. सगळं बरोबर लावून त्याने वीज दिली. पडदा काळा.

"पाहिलंत?" तो म्हणाला. "गेलाय."

"अजून तू तुझ्या बाजूचा टोन बघितला नाहीस," तात्या म्हणाले. "बोर्ड सोडव. तुझंच तोंड तुझ्याच कानाला लाव."

याला लूप म्हणतात. अडॅप्टरच्या पाठवायच्या आणि ऐकायच्या दोन पिना एकमेकींना जोडायच्या आणि कीबोर्डवर काही टाइप करायचं. पाठवलेलं अक्षर परत आलं तर आपली बाजू ठीक. निखिलने अडॅप्टरवरच एक टोपी बसवून दोन्ही पिना जोडल्या आणि टाइप केलं. अक्षरं पडद्यावर उमटली. आता त्याने टोपी काढली, तारा पुन्हा खोचल्या आणि त्यांची मोकळी टोकं एकमेकींना जोडली. टाइप केलं. काहीच उमटलं नाही.

त्याने पिवळी तार काढून बोटांत धरली. वरचं प्लास्टिक अखंड, पण टोकाजवळ दाबल्यावर ती मऊ लागली. आत तांबं तुटलेलं होतं. बोर्डाचं बोलणं ऐकायची तार तीच. बोर्ड खरोखर बोलला असता, तरी ते पडद्यापर्यंत पोचलं नसतं.

तार बदलली आणि पुन्हा वीज दिली. या वेळी पडदा भरू लागला. पहिली ओळ यू-बूटची. लिनक्सच्या आधी जागा होऊन त्याला उठवणारा प्रोग्रॅम तो. मग मेमरी ५१२ एमबी, ठीक. मग कार्ड शोधलं, नाही. आतली साठवण पाहिली, आहे. त्यात लिनक्सचा गाभा शोधला, ती फाइल नाही. मग नेटवर्कवरही शोधून पाहिली, तिथेही नाही. शेवटी एक खूण उमटली आणि तिच्यापुढे कर्सर लुकलुकत राहिला. पुढचा हुकूम द्या, असा त्याचा अर्थ. (साठवण पार कोरी असती, तरी हा प्रोसेसर गप्प बसला नसता. अशा वेळी तो सीरियलवर इंग्रजीतलं 'सी' हे एकच अक्षर पुन्हा पुन्हा पाठवतो. प्रोग्रॅम धाडा, अशी ती मागणी असते.)

निखिलने त्या ओळी दोनदा वाचल्या. जळलेला प्रोसेसर एवढं सांगत नाही. बोर्ड धडधाकट होता. त्याच्या पोटात लिनक्स अर्धवट उतरलं होतं. आणि अर्धवट का, याचं उत्तर त्या खोलीत निखिल सोडून कुणाकडेच नव्हतं. त्याला गुरुवारची संध्याकाळ आठवली, हातातलं कार्ड आठवलं आणि सोपानचं वाक्यही आठवलं.

त्याने आधी बोर्ड दुरुस्त करून मग सगळ्यांना खूश करण्याचा मार्ग धरला नाही, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. बोर्ड तसाच ठेवून तो नानांकडे गेला. म्हणाला, "नाना, सोपानने काही बिघडवलेलं नाही. लिहून व्हायच्या आधी मी कार्ड काढलं. त्याने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आणि न तपासता त्याचं नाव तुम्हाला सांगितलं."

नाना काही वेळ बोलले नाहीत. मग चपला घालून म्हणाले, "चल. मी एकटा गेलो तर तो येणार नाही." आणि ते खरं होतं, कारण रोज बुडाल्यापेक्षा गावात नाव खराब झाल्याचं सोपानला जास्त लागलं होतं. त्याच्या आईसमोर, ओट्यावर उभं राहून निखिलने तेच सगळं पुन्हा सांगितलं.

"मग फोनवर का नाही बोललास, की मी दिव्यांचं सांगितलं होतं म्हणून?" नानांनी विचारलं.

"सर इंजिनिअर आहेत," सोपान म्हणाला. "मला वाटलं, त्यांना माहीत असेल."

हे वाक्य मी पुष्कळ कारखान्यांत ऐकलं आहे. दिवे पळत असताना कुणीतरी पाहिलेलं असतं आणि एकदा बोललेलंही असतं. पहिल्या वेळी उडवून लावलं की तो माणूस दुसऱ्यांदा बोलत नाही. नुकसान मग सगळ्यांचंच होतं.

दुपारी लिनक्स पुन्हा चढवलं ते सोपाननेच. कार्ड घातलं, कार्डाच्या खाचेजवळचं छोटं बटण दाबून धरलं, वीज दिली, दिवे लागल्यावर बोट उचललं. थोड्या वेळाने चारही दिवे पळू लागले. तात्यांनी चहा मागवला. कुणीही बोर्डाला हात लावला नाही. लिहून झाल्यावर बोर्ड आपोआप बंद झाला, तेव्हा सोपानने कार्ड काढून पुन्हा वीज दिली. पडद्यावर ओळींचा लोंढा वाहिला आणि शेवटी लॉगिन आलं. निळ्या दिव्याचा ठोका सुरू झाला. निखिलने सेन्सर शोधायचा हुकूम दिला, तर तक्त्यात ४४ हा त्याचा पत्ता जागेवर दिसला. शुक्रवारी सकाळी लावलेल्या चारही तारा बरोबर होत्या. त्यातली एकही हलवावी लागली नाही.

नानांनी बुडालेले रोज दिले आणि बोर्डाची देखभाल पगार ठरवून सोपानकडे सोपवली. बोर्ड बंद करायचा तर वीज उपसायची नाही. आधी बंदचं बटण दाबायचं आणि दिवे विझेपर्यंत थांबायचं, हे आता चाळीवरच्या प्रत्येकाला तो बजावतो. सीरियलची केबल बोर्डाला कायमची लावलेली आहे.

तुमच्या चाळीत, गोठ्यात, पंपघरात कुणी असा बोर्ड बसवून देत असेल, तर पैसे चुकते करण्याआधी त्याच्याकडून दोन गोष्टी मागून घ्या. एक, ती तीन तारांची केबल. आणि दुसरं, तुमच्याच गावातल्या कुणाला तरी ती लावायला, लूप करून पाहायला आणि पडद्यावर आलेलं वाचायला त्याने समोर बसवून शिकवावं. शहरातला इंजिनिअर सहाच्या बसने परत जाणार असतो. बोर्ड आणि त्याच्याजवळचा माणूस गावातच राहणार असतात.