डोक्यात गेलेला जोर

जोर मारताना दंड भरून यावेत, बैठका काढताना मांड्या थरथराव्यात, हे कुणालाही समजतं. पण हातपाय अजून तयार असताना डोकंच ठणकू लागावं, हे जरा अपमानास्पद वाटतं. ज्याने काहीच उचललेलं नाही त्यानेच आधी माघार घ्यायची! त्यात हा व्यायाम बिनवजनाचा. लोखंड नाही, यंत्र नाही, मग एवढं झालं तरी काय, असं घरचेही विचारतात.

बिनवजनाचा हा समज मात्र खोटा आहे. साध्या जोरात हातांवर शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भार येतो. म्हणजे ७० किलोचा माणूस दर वेळी ४५ ते ५० किलो ढकलत असतो. पुल-अपमध्ये तर जवळजवळ सगळेच्या सगळे ७०. हाच माणूस जिममध्ये गेला तर पहिल्या दिवशी पाच-पाच किलोचे डंबेल्स त्याच्या हातात देतील. बारबेलच्या चकत्या कमी करता येतात, शरीरातले दहा किलो आजच्यापुरते काढून खुंटीला टांगता येत नाहीत. सोपा म्हणून निवडलेला व्यायाम नवख्याला अशा रीतीने फार जड जातो, आणि जड गेलं की माणूस श्वास रोखतो.

ते ठरवून होत नाही. दात आवळले जातात, गळा बंद होतो, छाती-पोट ताठ होतं. या क्रियेला वैद्यकात आन्तोनिओ मारिया वाल्साल्वा या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाचं नाव आहे. बोलोन्यातल्या या गृहस्थांना व्यायामाशी काही कर्तव्य नव्हतं. १७०४ साली कानावरच्या ग्रंथात त्यांनी नाक-तोंड मिटून जोर करण्याची युक्ती सांगितली, ती कानातला पू बाहेर काढण्यासाठी. छाती अशी बंद करून जोर केला की आतला दाब वाढतो, डोक्याकडून हृदयाकडे उतरणारं रक्त मानेच्या शिरांत तुंबतं आणि मेंदूभोवतीच्या द्रवाचाही दाब चढतो. दुसरीकडे आवळलेले स्नायू आपल्यातल्याच रक्तवाहिन्या चेपतात, त्यामुळे रक्तदाब वर जातो. तो किती जावा? १९८५ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच बॉडीबिल्डरांच्या धमनीत नळी घालून तो थेट मोजला. दोन्ही पायांनी जबर वजन रेटताना सरासरी आकडा आला ३२० वर २५०, आणि एकाचा तर ४८० वर ३५० च्याही पुढे. एरवी १८० दिसला तरी डॉक्टर पट्टा सोडून पुन्हा बांधतात. जोर-बैठकांत दाब तिथवर पोचत नाही, पण चढतो त्याच वाटेने.

श्वास रोखणारा प्रत्येक जण अडाणी असतो असं मात्र नाही. दोनशे किलो उचलणारा पहिलवान छातीत हवा कोंडतो, कारण त्याच्या कण्याला त्या क्षणी आतून आधार लागतो. मेंदूभोवती वाढलेला दाबही तिथल्या रक्तवाहिन्यांना बाहेरून थोडा टेकू देतो. पण ती एका उचलीपुरती, दोन-तीन सेकंदांची गोष्ट. घरच्या सतरंजीवर विसावा जोर निघत नाही म्हणून जो श्वास कोंडला जातो त्याचं कारण कणा नसतं. ‘काल वीस झाले, आज पंचवीस’ हे असतं. आकड्यासाठी कोंडलेला श्वास, एवढंच.

आपल्याकडे या आकड्याचा फार दरारा आहे. अमुक पहिलवान पहाटे हजार जोर काढायचा, तमुक दोन हजार बैठका. तालमीच्या गोष्टी बहुतेक अशाच सुरू होतात. गोष्ट सांगणारा हे सांगायला विसरतो, की त्या हजारांच्या मागे वर्षं होती आणि समोर वस्ताद उभा होता. पोराचा चेहरा लाल झालेला, मानेची शीर फुगलेली त्याला दिसायची. आज शिकवायला मोबाइलचा पडदा आहे. तो दाखवतो सगळं, बघत काहीच नाही.

गंमत म्हणजे, जुन्या वैद्यांनी व्यायामाचं माप आकड्यात सांगितलेलंच नाही. सुश्रुताने ते श्वासात सांगितलं: व्यायाम अर्ध्या शक्तीचा करावा, आणि छातीतला वायू तोंडाशी येऊ लागला की अर्धी शक्ती संपली असं समजावं. चरकाने अडवू नयेत अशा तेरा वेगांत मल-मूत्र, शिंक, जांभई यांच्या पंक्तीला श्रमाने लागलेल्या धापेलाही बसवलं आहे. ती दाबली तर काय होतं याच्या यादीत हृद्रोग आहे, संमोह आहे. डोकेदुखी नाही, म्हणून ती मी तिथे घुसडणार नाही. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्या सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, त्यांत मंत्र मोठ्याने म्हणायचा असे. धर्माचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी त्यात एक सोय आहे. बोलणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही. पी.टी.च्या तासाला मुलं एकसुरात आकडे ओरडतात, तिथेही नकळत तेच साधतं. मनातल्या मनात मोजणाऱ्याला ही सवलत नाही.

आधुनिक वैद्यकाने या दुखण्याला व्यायामजन्य प्राथमिक डोकेदुखी म्हटलं आहे. दमवणाऱ्या व्यायामात किंवा त्यानंतर येते, बहुधा ठोके पडल्यासारखी ठणकते, ४८ तासांच्या आत जाते. उन्हाळ्यात आणि उंच ठिकाणी जास्त होते. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत, त्याच्या आवरणांना आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना कळतात. काही रुग्णांत मानेतल्या मोठ्या शिरेची झडप नीट मिटत नसल्याचं आढळलं आहे, पण नेमकं कारण अजून ठरलेलं नाही. दुसरा प्रकार मानेचा. जोर मारताना समोर बघायची हौस असते, किंवा पोटाचे व्यायाम करताना डोक्यामागे गुंफलेल्या हातांनी मान ओढली जाते. मग दुखणं मानेतून निघतं आणि डोक्यात चढतं. उपाशीपोटी, पाणी न पिता, रात्री जागून केलेल्या व्यायामाचं सांगायलाच नको.

‘प्राथमिक’ म्हणजे ‘दुसरा कुठलाही आजार सापडला नाही’. सापडला नाही असं म्हणायचं तर आधी शोधायला हवं, आणि लोक नेमके इथेच थांबतात. हल्ली ‘शरीराचं ऐका’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. तालमीतल्या ‘दुखतंय म्हणजे लागतंय’पेक्षा तो शहाणपणाचा, पण माझा त्यावर पुरता विश्वास नाही. शरीर बोलतं खरं, फार मोघम बोलतं. जोरामुळे आलेला निरुपद्रवी ठणका आणि मेंदूच्या आवरणाखाली फुटलेल्या धमनीचं दुखणं, ही दोन्ही तोच व्यायाम चालू असताना, तशीच अचानक सुरू होऊ शकतात. मिनिटभरात शिगेला पोचलेली, आयुष्यात कधी अनुभवली नाही अशी डोकेदुखी, सोबत उलटी, ताठलेली मान, डोळ्यांसमोर अंधारी, एका बाजूचा हात जड वाटणं, यांपैकी काही असलं तर ऐकत बसण्यात अर्थ नाही, तडक रुग्णालय गाठायचं. पहिल्या सहा तासांत काढलेला सीटी स्कॅन असा रक्तस्राव जवळजवळ हमखास पकडतो. जसजसा वेळ जातो तसतशी ती खात्री ओसरते. आपल्याकडे हे सहा तास बहुधा कपाळाला बाम चोळून, दिवे मालवून झोपण्यात जातात. चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखू लागलं, श्रमाबरोबर येऊन थांबताच गेलं, तर ते क्वचित हृदयाचंही असतं. छातीत कळ नसतानाही.

डॉक्टरांकडे जायला मुख्य अडचण लाजेची आहे. ‘जोर मारताना डोकं दुखलं’ हे वाक्य दवाखान्यात उच्चारणं पुरुषांना तर फारच जड जातं. क्रिकेटमध्ये बोट मोडलं तर तो पराक्रम ठरतो.

तपासण्या नीट आल्या की मग उपाय साधे आहेत. आधी दहा मिनिटं अंग तापवायचं; जोर जमिनीऐवजी भिंतीला किंवा ओट्याला हात टेकून सुरू करायचे; वर उठताना श्वास सोडायचा; नजर हातांच्या थोडी पुढे, जमिनीकडे; आणि आकडा मोठ्याने म्हणायचा. घरच्यांना त्रास झाला तर झाला. इन्डोमेथॅसिन नावाची गोळीही आहे, डॉक्टर काहींना व्यायामाआधी घ्यायला देतात. पोटाला ती जाचते, स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. स्पर्धेतल्या खेळाडूला ती लागत असेल तर त्यात गैर काही नाही. पण तब्येत सुधारावी म्हणून पंचवीस जोर काढायचे आणि ते निघावेत म्हणून रोज गोळी गिळायची, या हिशेबात काहीतरी चुकतं आहे. पंधरा जोर गोळीशिवाय निघत असतील तर पंधराच का नकोत?

अर्थात, या दुखण्याला भिऊन व्यायामच सोडणाराही नुकसानीत जातो. २०२३ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये २७० चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. एरवीचा रक्तदाब उतरवण्यात चालणं-धावणं, वजनं वगैरे प्रकारांना मागे टाकून पुढे आले ते जागच्या जागी ताण धरण्याचे व्यायाम, त्यातही भिंतीला पाठ टेकून हवेत खुर्चीसारखं बसणं. करताना दाब चढवणारा हाच प्रकार काही आठवड्यांत तो उतरवतो. फक्त बसल्या बसल्या कुणाशी तरी बोलत राहावं लागतं.