पाचवे शील आणि कल्याणमित्रांची सभा





प्रत्येक वंदनेत आपण पंचशील ग्रहण करतो. त्यातले पाचवे शील मद्यापासून अलिप्त राहण्याचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. त्यामुळे आपल्यातल्या ज्या बांधवाला किंवा भगिनीला दारू सुटत नाही, तिच्यावर दुहेरी ओझे असते: एक व्यसनाचे, दुसरे ते लपवण्याचे. असा माणूस विहारात शेवटच्या रांगेत बसतो, आणि हळूहळू यायचाच बंद होतो.

“माझे मी बघून घेईन, घरीच ध्यान करीन, सोडून देईन,” असे तो म्हणतो. यावर उदानातील मेघिय सुत्त मननीय आहे. मेघिय भिक्खू तेव्हा भगवंतांची सेवा करीत होते. नदीकाठची एक सुंदर आंबराई पाहून तिथे एकट्याने साधना करण्याची त्यांना इच्छा झाली. भगवंतांनी थांबायला सांगितले, तरी तिसऱ्यांदा विनंती करून ते गेले. तिथे बसताच मनात अकुशल विचारांची गर्दी झाली. ते परत आले, तेव्हा भगवंतांनी चित्त परिपक्व करणाऱ्या पाच गोष्टी सांगितल्या. त्यात पहिली गोष्ट कल्याणमित्र आणि दुसरी शील. हा क्रम लक्षात घ्या. शील पाळता आले की मग चांगली माणसे भेटतील, असे भगवंत म्हणत नाहीत. कल्याणमित्र असेल तर शील पाळले जाईल, असे ते सांगतात.

अमेरिकेत हा कल्याणमित्र शोधण्याची एक जागा म्हणजे व्यसनमुक्तीच्या सभा. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजेच एए, १९३५ साली ओहायोतील अॅक्रन येथे सुरू झाली. तिथे फी नाही, आडनाव सांगावे लागत नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. ‘ओपन’ सभेला कोणीही जाऊन ऐकू शकतो, ‘क्लोज्ड’ सभा फक्त व्यसनातून बाहेर पडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. घरच्यांसाठी अल-अॅनॉन हा स्वतंत्र गट आहे.

आपली माणसे अडखळतात ती एका ठिकाणी. एएच्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे आणि काही सभांत ख्रिस्ती प्रार्थनाही होते. ईश्वर न मानणाऱ्या बौद्धाला वाटते, ही जागा आपली नव्हे. तो उठतो, आणि पुन्हा कुठल्याच सभेला जात नाही. ही अडचण खरी आहे, पण वाट तिथेच संपत नाही. एएमध्येच सेक्युलर सभा असतात. १९९४ पासून चालणारी स्मार्ट रिकव्हरी विचार आणि वर्तन बदलण्याच्या मानसशास्त्रीय पद्धतींवर आधारलेली आहे. २०१९ मध्ये सुरू झालेली रिकव्हरी धर्मा तर चार आर्यसत्ये आणि अष्टांगिक मार्गावरच उभी आहे. सभेत ध्यान, वाचन आणि मग अनुभवकथन. या सर्वांच्या ऑनलाइन सभाही होतात. एखाद्याला न्यायालय किंवा पॅरोल अधिकाऱ्याने सभेची सक्ती केली असेल, तर हेही माहीत असावे: हवाईतील एका बौद्ध व्यक्तीच्या खटल्यात नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २००७ मध्ये धार्मिक स्वरूपाच्या सभेची सक्ती घटनाबाह्य ठरवली. अशा वेळी वकिलामार्फत धर्मनिरपेक्ष पर्याय मागावा.

योग्य सभा कशी ओळखावी? कालामांना भगवंतांनी जी कसोटी दिली तीच इथे लावावी. कोणी सांगितले म्हणून स्वीकारू नये, पहिल्याच दिवशी नाकारूही नये. एकाच संस्थेच्या दोन सभाही सारख्या नसतात. म्हणून पाच-सहा वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन पाहावे आणि स्वतःला विचारावे: इथे मी खरे बोलू शकतो का? इथून निघाल्यावर आजची संध्याकाळ दारूशिवाय जाते का? रात्री अकराला तल्लफ आली तर फोन करावा असे कोणी इथे भेटले का? उत्तर ‘हो’ असेल, तर ती सभा तुमची.

एक सावधगिरी. रोज भरपूर पिणाऱ्याने सभेच्या उत्साहात एकदम दारू बंद करू नये. झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकते. आधी डॉक्टरांना भेटावे. साम्सा या सरकारी संस्थेची १-८००-६६२-४३५७ ही मदतवाहिनी चोवीस तास, मोफत आणि गोपनीय आहे.

आणि आपण बाकीच्यांनी काय करावे? कोणी विश्वासाने सांगितले, तर ती गोष्ट चार घरी जाऊ देऊ नये. पहिल्या सभेला सोबत हवी असेल, तर गाडी काढावी आणि ओपन सभेत शेजारी बसावे. घसरून पुन्हा आलेल्याला टोमणा मारू नये. पंचशील ही शिक्षापदे आहेत, शिकण्याच्या पायऱ्या. म्हणून तर ती आपण एकदाच घेऊन थांबत नाही, प्रत्येक वंदनेत पुन्हा ग्रहण करतो. ज्याचे पाचवे शील काल मोडले, त्याचीही आजच्या वंदनेत जागा आहे. ती जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवणे हे आपले काम.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!