यजमान कोण?

गेल्या वर्षी ईस्टरच्या सुट्टीत आम्ही लंडनहून व्हेनिसला जायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे मुलीने ठरवलं. आमच्या घरात हल्ली माझ्याकडे फक्त पैसे भरायचं खातं आहे. विमानाची तिकिटं दहा मिनिटांत झाली. राहायचं कुठे, यावर मात्र तीन रात्री गेल्या.

हॉटेल म्हणजे चौघांना दोन खोल्या आणि खिशाला भोक. पुलापलीकडे मुख्य भूमीवरचं मेस्त्रे स्वस्त, आगगाडीने दहा-बारा मिनिटांवर. तिसरा पर्याय कुणाचा तरी फ्लॅट. "स्वयंपाकघर असलं की रात्री निदान वरणभात होईल," असं बायको म्हणाली आणि विषय संपला. मला वर नैतिक समाधानही मिळालं. २०२४ पासून व्हेनिसने गर्दीच्या ठरावीक दिवशी, फक्त दिवसापुरते येणाऱ्यांवर प्रवेशकर लावला आहे. मुक्काम करणाऱ्यांना तो माफ. म्हणजे फोटो काढून संध्याकाळी पळणाऱ्यांतले आपण नव्हे, गावात चार पैसे सोडणारे सभ्य पाहुणे, अशी मी माझी समजूत करून घेतली.

फ्लॅट कान्नारेज्यो भागात, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. किल्ली दाराशेजारच्या आकड्यांच्या पेटीत, आकडा ईमेलमध्ये. आम्ही पोचलो रात्री साडेदहाला. व्हेनिसमध्ये मोटारी नसल्यामुळे रात्री इतकी शांतता असते, की फरशीवरून जाणाऱ्या आमच्या चार बॅगांच्या चाकांचा खडखडाट मलाच ऐकवेना. दुसऱ्या मजल्यावर एक दार उघडलं. एक आजीबाई. मी "बुओना सेरा" म्हटलं. त्यांनी बॅगांकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्या जिन्यात बाजाराची पिशवी घेऊन चढत होत्या. मुलाने पिशवी वर नेऊन दिली. मोडक्या इंग्रजीत त्या म्हणाल्या, या जिन्यात सहा दारं आहेत, नावाची पाटी फक्त माझ्या दाराला उरली आहे. बाकीची पाच? "तुमची," त्या म्हणाल्या. सुरात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला वाद घालता आला असता.

रिआल्तो पुलाजवळच्या सान बार्तोलोमेओ चौकात एका औषधाच्या दुकानाच्या काचेत २००८ पासून एक आकडा झळकतो: जुन्या व्हेनिसमधल्या रहिवाशांचा. १९५१ साली ते सुमारे पावणेदोन लाख होते. २०२२ मध्ये पन्नास हजारांच्या खाली आले. पर्यटकांसाठीचे बिछाने आता रहिवाशांहून जास्त झाल्याची मोजदाद तिथल्या नागरिकांनीच २०२३ मध्ये मांडली.

मी पैसे दिले, कर भरला, कचरा वेगळा केला. मग माझं काय चुकलं? आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. एकेक रिक्वेस्ट अगदी रास्त असते, आणि तरी सर्व्हर बसतो.

दुसरी बाजूही खरी आहे. हे फ्लॅट प्रकरण सुरू व्हायच्या आधीच निम्म्याहून जास्त माणसं गाव सोडून गेली होती. ओलसर घरं, १९६६ चा महापूर, मुख्य भूमीवरच्या नोकऱ्या. आमचा घरमालकही कदाचित असाच मेस्त्रेत राहून या भाड्यावर मुलांची फी भरत असेल. त्याला मी कुठल्या तोंडाने नावं ठेवू? आपणही गाव सोडूनच आलो आहोत. फरक इतकाच, की गेलेल्याच्या घरात दर तीन दिवसांनी नवे पाहुणे येऊ लागले, की त्या भाड्यापुढे तिथे राहायला येणाऱ्या तरुण जोडप्याचा निभाव लागत नाही.

अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो, असं लहानपणी शिकलो. मी तर तीन महिने आधी क्रेडिट कार्डावर तिथी पक्की करून गेलो होतो. त्याला देव मानण्याचं कुणावर बंधन नाही, हे मान्य. पण त्या मुक्कामात आमचा यजमान कोण होता? मालकाला पैसे मिळाले, त्याला आम्ही पाहिलंही नाही. आमचा खडखडाट, दारांची आदळआपट, फोडणीचा वास हे सगळं सोसलं आजीबाईंनी. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांच्या हातात एक युरोही पडला नाही.

आता खरी अडचण सांगतो. आई गेल्यापासून कोथरूडचा आमचा फ्लॅट बंद आहे. परतल्यावर आठवड्याभरात तिथल्या एजंटचा निरोप आला: "साहेब, रोजच्या भाड्याने द्या, दुप्पट सुटतील. सोसायटीचं मी बघतो." हिशेब मी करून पाहिला, चुकीचा नाही. बायको म्हणते, बंद ठेवून तरी कुणाचं भलं होतंय?

समोरच्या दारात काकू राहतात. आईच्या शेवटच्या आजारात मी पोचेपर्यंत दोन रात्री दवाखान्यात त्याच बसल्या होत्या. आमची किल्लीही त्यांच्याकडेच असते. दर रविवारी मी फोन करतो. कुंड्यांना पाणी घातलं, खिडक्या उघडून हवा खेळवली, असं त्या सांगतात. मी ऐकतो, तब्येतीची चौकशी करतो आणि विषय काढायचा राहून जातो.