परत जाण्याचा धर्म

परदेशीं नेमणुकीवर असलेला मनुष्य रजेवर स्वदेशीं येतो, आणि तो येथें असतांनाच जगभर रोगाची साथ पसरते. रजा संपते. आतां त्यानें परत जावें, कीं घरींच राहावें? सन २०२० मध्यें कोविडच्या साथीनें हा प्रश्न असंख्य माणसांपुढें एकदमच टाकला. त्या वर्षीच्या मार्चअखेर आपल्या देशांत येणारीं-जाणारीं नियमित विमानें बंद झालीं, तीं पूर्ववत् सुरू होण्यास २७ मार्च २०२२ हा दिवस उजाडावा लागला. मधल्या काळांत कांहीं विशेष विमानें सुटत असत. त्यामुळें जाणें अवघड झालें, तरी सर्वस्वीं अशक्य झालें नाहीं. आणि जें अशक्य नाहीं त्याविषयींच कर्तव्याचा प्रश्न उद्भवतो.

ह्या प्रश्नाचें एक उत्तर आपल्या संस्कारांत तयारच असतें. आपलें काम जेथें आहे तेथें संकट आलें असतां पाठ फिरविणें हा भ्याडपणा होय, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. गीतेंतील स्वधर्माचा अर्थहि सामान्य मनुष्य असाच लावतो, आणि मग रणांगणाचा दृष्टान्त पुढें येतो. परंतु हा दृष्टान्त जेथें लंगडा पडतो, तेथूनच आमच्या मतें खऱ्या विचारास आरंभ होतो. शिपाई पलटणींत परत येतो तेव्हां स्वतःचा प्राण पणास लावतो. त्याच्या येण्यानें पलटणीचें बळ वाढतें. साथीच्या काळांत परतणारा मनुष्य मात्र ज्यांच्या मदतीस जातो त्यांचाच घात, नकळत कां होईना, करूं शकतो. मिल्लनें १८५९ सालच्या आपल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथांत स्वतःपुरती कृति व दुसऱ्यास बाधणारी कृति असा भेद केला आहे. साथींत तो भेद जवळजवळ पुसला जातो; श्वासोच्छ्वास हीहि दुसऱ्यास बाधणारी कृति होऊन बसते.

इतिहासांत ह्याचें एक दारुण उदाहरण आहे. ७ नोव्हेंबर १९१८ रोजीं 'टॅल्यून' नांवाची आगबोट न्यूझीलंडमधील ऑकलंडहून पश्चिम सामोआच्या आपिया बंदरास लागली. ऑकलंडांत तेव्हां इन्फ्ल्युएंझाचा कहर चालू होता आणि बोटीवरहि दुखणाईत होते. तरी उतारूंना उतरूं देण्यांत आलें. पुढील कांहीं आठवड्यांत त्या बेटांवर सुमारें ८५०० माणसें, म्हणजे लोकसंख्येच्या पंचमांशाहून अधिक, मृत्युमुखीं पडलीं. शेजारच्याच अमेरिकन सामोआंत गव्हर्नर पोयर ह्यांनीं बाहेरून येणाऱ्यांवर कडक निर्बंध घातले होते. तेथें त्या साथीनें एकहि बळी घेतला नाहीं. पश्चिम सामोआचा कारभार तेव्हां न्यूझीलंडच्या हातीं होता. त्या निष्काळजीपणाबद्दल त्या देशाच्या पंतप्रधान हेलन क्लार्क ह्यांनीं २००२ सालीं क्षमा मागितली; पण मेलेलीं माणसें क्षमायाचनेनें परत येत नाहींत. बोटीवरच्या कोणीं बुद्ध्या रोग नेला असें कोणी म्हणत नाहीं. अशा प्रसंगीं सद्धेतु किती अपुरा पडतो, एवढेंच ह्यावरून दिसतें.

तर मग घरीं बसणें हाच धर्म, असें कोणी म्हणेल. तेंहि आम्हांस मान्य नाहीं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे किंवा गोव्यांत 'मुलगा बोटीवर असतो' हें वाक्य पुष्कळ घरांत ऐकूं येतें. २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याप्रमाणें खलाशास सलग बारा महिन्यांच्या आंत घरीं पाठविलें पाहिजे. परंतु २०२० अखेर सुमारें चार लक्ष खलाशी मुदत उलटूनहि जहाजांवर अडकले होते, आणि जवळजवळ तितकेच कामावर चढण्यासाठीं घरीं वाट पाहात होते. अडथळा मुख्यतः निरनिराळ्या देशांनीं बंदरांवर घातलेल्या बंदीचा होता, हें खरें. तथापि बदली माणूस चढल्यावांचून पहिल्याची सुटका नाहीं, हा जहाजाचा नियम आहे. म्हणून ज्याला जाणें शक्य होतें त्यानें 'मी येत नाहीं' म्हटलें, तर त्या नकाराचें ओझें समुद्रावर थकून गेलेल्या दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर पडत होतें. घरीं राहणें हीहि स्वतःपुरती कृति नव्हती.

तिसरा प्रकार ह्याहून सूक्ष्म आहे. अमेरिकेच्या 'पीस कोअर' संस्थेनें मार्च २०२० मध्यें साठांहून अधिक देशांतील आपले सुमारें ७००० स्वयंसेवक परत बोलाविले. ते पुन्हां परदेशीं जाऊं लागले ते मार्च २०२२ पासून, प्रथम झांबिया व डॉमिनिकन रिपब्लिक ह्या देशांत. त्यांना माघारीं नेणें शहाणपणाचें होतें, ह्यांत शंका नाहीं. पण त्यांच्या शेजारीं शिकविणाऱ्या गांवच्या मास्तरास परत बोलावणारें कोणी नव्हतें. त्याचें घर तेथेंच होतें. ज्याला निघून जाण्याची सोय असते, त्याच्यावर तिथल्या माणसांचें एक ऋण राहतें. तें ऋण तांतडीनें परतण्यानेंच फिटतें असें नाहीं; पण त्याचा विसर पडतां कामा नये.

नेमणूक म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें एखादें ठिकाण येतें. नीतीच्या दृष्टीनें मात्र तिच्यांत महत्त्वाचा असतो तो माणसांशीं जडलेला संबंध. म्हणून निघण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. तेथें आपली वाट कोण पाहात आहे? त्यांना आपण आतां हवे आहों काय? आणि आपल्या जाण्याची किंमत कोण देणार? पहिल्या दोहोंचीं उत्तरें अनुकूल आलीं, आणि किंमत मुख्यतः आपणांसच द्यावी लागणार असली, तर जावें. ती दुसऱ्यांवर पडत असेल, तर तपासणी करून घ्यावी, एकांतवासाचे दिवस काढावे, ताप असल्यास तो न लपवितां सांगावा, आणि मग जावें. बंद खोलींत चौदा दिवस स्वस्थ बसण्यांत वीरश्री दिसत नाहीं. पण साथीच्या काळांत शौर्य पुष्कळदां ह्याच वेषांत येतें.

येथें एक आक्षेप न्याय्य आहे. पोटासाठीं परतणाऱ्यानें ताप सांगितला, तर त्याची नोकरीच जाते. त्याला हा उपदेश कसा परवडावा? आमचें उत्तर असें कीं, ज्याच्या कामासाठीं तो जातो, त्या धन्यानेंच एकांतवासाचा खर्च आणि त्या दिवसांचा पगार सोसला पाहिजे. खरें बोलणाऱ्याला उपाशी ठेवणाऱ्या व्यवस्थेस त्याच्या खोटेपणाबद्दल दोष देण्याचा अधिकार राहात नाहीं. परत जाण्याचा धर्म जाणाऱ्या एकट्याचा नसतो. त्याला पाठविणाऱ्याचाहि त्यांत तितकाच वांटा आहे.