निजलेला मारुती, जागे भक्त

हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादकडे जाणारा रस्ता माणसांनी फुलतो. दौलताबादचा घाट चढून, पंचवीसेक किलोमीटर पायी तुडवून हे लोक ज्या भद्रा मारुतीपुढे हात जोडतात, तो मात्र निजलेला आहे. आख्यायिका सांगते की भद्रसेन राजाचे रामभजन ऐकता ऐकता हनुमंताला भावसमाधी लागली. म्हणजे ही झोप नव्हेच, असे भाविक म्हणेल. असेल. पण समाधी दाखवायला परंपरेने आडवे, सैल सोडलेले शरीरच पत्करले, हे उरतेच. पंढरपुरात तर देवाच्या विश्रांतीचा व्यवहार उघडच आहे. आषाढीला विठ्ठलाचा पलंग काढतात, देव चोवीस तास दर्शनाला उभा राहतो, म्हणून पाठीशी लोड देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजेत शिणवटा काढून काढा दाखवतात आणि शेजारती पुन्हा सुरू होते. देवाच्या जागरणाची भरपाई आपण इतक्या जिव्हाळ्याने करतो. माणसाची झोप मात्र आळसाच्या, तमोगुणाच्या खात्यावर मांडतो. हा दुजाभाव ना शास्त्राला धरून आहे, ना शरीराला.

गीतेचा सहावा अध्याय अति झोपणाऱ्याला योग नाकारतो तसा अति जागणाऱ्यालाही नाकारतो. आपण त्यातला पहिलाच अर्धा लक्षात ठेवला. चरकाने आहाराच्या जोडीने निद्रेला शरीराच्या तीन उपस्तंभांत बसवले. बृहदारण्यक उपनिषद त्याहून पुढे जाते: गाढ झोपेत बाप बाप राहत नाही, चोर चोर राहत नाही. दिवसभर वागवलेले ‘मी’चे ओझे तिथे उतरते. हृदयाच्या बाबतीत हे ओझे उतरणे मोजताही येते. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दिवसापेक्षा साधारण 10 ते 20 टक्क्यांनी उतरतो, नाडी मंदावते. ज्यांचा दाब रात्रीही उतरत नाही, त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघात अधिक आढळतात. घोरता घोरता ज्याचा श्वास अडकतो, त्याचे शरीर प्रत्येक वेळी प्राणवायू घटल्याने दचकते आणि संकटाचे संप्रेरक रक्तात सोडते. सकाळी तो म्हणतो, आठ तास झोपलो. झोपला नव्हता, पडून होता. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2022 साली हृदयाच्या आरोग्याच्या सात निकषांत झोपेचा आठवा निकष घातला, तो अशाच पुराव्यांवरून.

यावर रास्त शंका अशी, की आजारी माणसालाच झोप नीट येत नाही. मग कारण कोणते आणि परिणाम कोणता? ब्रिटनमधल्या सुमारे 4 लाख 60 हजार लोकांच्या 2019 सालच्या अभ्यासात सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका 20 टक्क्यांनी, तर नऊ तासांहून जास्त झोपणाऱ्यांत 34 टक्क्यांनी अधिक दिसला. संशोधकांनी मग जन्मजात जनुकीय फरकांवरूनही पडताळा घेतला, कारण ते पुढच्या आजाराने बदलत नाहीत. कमी झोपेचा संबंध तिथेही टिकला. उलट बाजूही लपवू नये. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या रुग्णांना मुखवट्यातून हवा देऊन पाहिले, तेव्हा 2016 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पुढचे झटके कमी झाले नाहीत. रुग्णांनी तो मुखवटा रात्री सरासरी साडेतीन तासही वापरला नव्हता, हे खरे; तरी झोप हे औषध आहे असे छातीठोक सांगता येत नाही. ती निरोगी हृदयाची एक अट आहे, आणि माझ्या युक्तिवादाला तेवढे पुरते.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे. अजिंठा-वेरूळच्या विहारांत राहणाऱ्या भिक्खूंना बुद्धाचा उपदेश रात्रीच्या मधल्या प्रहरीच, उजव्या कुशीवर, निजण्याचा होता. पहिला आणि शेवटचा प्रहर जागण्याचा. तपस्वी कमी झोपले, मग गृहस्थाने कुरकुर का करावी? फरक पत्करण्यात आहे. भिक्खूने ते व्रत स्वतः घेतले, त्याची झीज त्याच्याच देहाने सोसली. खुलताबादच्या वाटेवरचे जागरणही आपखुशीचे आणि एका रात्रीचे. वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्या कामगाराने काही तप मांडलेले नाही. काही दिवसांआड येणारे पाणी नेमके मध्यरात्री आले, तर हंडे भरायला उठणाऱ्या बाईनेही नाही. स्वतःची झोप देणे ही साधना असू शकते, दुसऱ्याची काढून घेणे ही हिंसा आहे, मग ती मिरवणुकीच्या भिंतीएवढ्या स्पीकरांनी होवो वा कंपनीच्या वेळापत्रकाने. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांना बंदी घातली आणि सणावारासाठी वर्षातून 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत ठेवली. निवासी भागात रात्री 45 डेसिबल, दिवसा 55. रात्रपाळी करून जो सकाळी आठला घरी येऊन अंथरूण धरतो, त्याच्या रात्रीची या नियमांत कुठे नोंदच नाही.