दार उघडल्यावर

१९९३ साली क्लॅरन्स गेन्स निवृत्त झाले तेव्हा अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमध्ये त्यांच्याहून अधिक सामने जिंकलेला प्रशिक्षक एकच होता: केंटकी विद्यापीठाचे अ‍ॅडॉल्फ रप. रप यांचे विजय ८७६, गेन्स यांचे ८२८. रप यांची ओळख करून द्यावी लागत नाही. गेन्स यांची त्यांच्याच देशात पुष्कळांना करून द्यावी लागते.

आणि गेन्स मूळचे केंटकीचेच. १९२३ साली ते पडुकाह गावी जन्मले. त्या राज्यात १९०४च्या कायद्याने गोऱ्या आणि काळ्या मुलांना एका शाळेत शिकवणं हाच गुन्हा ठरवला होता. रप यांच्या संघात शिरणं राहिलं दूर, त्या विद्यापीठाच्या वर्गात बसायचीही सोय नव्हती. मुलगा सव्वासहा फूट उंच आणि तसाच रुंद. तो बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात गेला, अमेरिकी फुटबॉल खेळला, रसायनशास्त्राचा पदवीधर झाला. तिथे कुणीतरी त्याचा देह पाहून ‘घराएवढा आहे की हा’ अशा अर्थाचं काही बोललं आणि ‘बिग हाउस’ हे नाव जन्माचं चिकटलं.

व्हायचं होतं दातांचा डॉक्टर. त्याआधी थोडे दिवस नोकरी, म्हणून १९४५ साली ते नॉर्थ कॅरोलिनातल्या विन्स्टन-सेलम टीचर्स कॉलेजात आले. तंबाखूच्या कारखान्यांचं शहर, शिक्षक घडवणारं छोटंसं कॉलेज. वर्षभरात मुख्य प्रशिक्षक दुसरीकडे गेले आणि सगळा कारभार तेवीस वर्षांच्या गेन्स यांच्या गळ्यात पडला. फुटबॉलचे कोच ते, बास्केटबॉलचे कोच ते, क्रीडा संचालक ते, दुखऱ्या घोट्याला पट्टी बांधणारे ते आणि तिकीटविक्री बघणारेही तेच. आपल्याकडचे तालुक्याच्या कॉलेजातले फिजिकल डायरेक्टर आठवावेत. मैदानावर फक्की मारण्यापासून विद्यापीठाच्या स्पर्धेचे फॉर्म भरण्यापर्यंत सगळं एकाच माणसाच्या अंगावर. ही गरिबी खरी, पण तिने एक अधिकारही दिला. मोठ्या विद्यापीठात कोच आणि त्याचा वरिष्ठ यांची खेचाखेच चालते. इथे दोघे एकाच खुर्चीत. कुणाला घ्यायचं, कुणाशी सामने ठरवायचे, तुटपुंजा पैसा कुठे घालायचा, हे एकच डोकं ठरवत होतं, आणि तेही सलग ४७ वर्षं. अशी एकहाती सत्ता फार काळ चांगली नसते, असं माझं मत आहे. पण पहिली पंचवीस वर्षं तरी ती फळली.

फळली, कारण दार बंद होतं. दक्षिणेतली मोठी विद्यापीठं काळ्या मुलांना घेत नव्हती, त्यामुळे न्यूआर्कचा क्लिओ हिल गेन्स यांच्याकडे आला आणि १९६१ साली व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्याच फेरीत घेतला गेला. मग फिलाडेल्फियाचा अर्ल मन्रो आला. शाळा संपल्यावर तो मालपाठवणीच्या खात्यात कारकुनी करत होता. या मुलाच्या हातात जादू होती हे दिसत असूनही गेन्स यांनी पहिल्या वर्षी त्याला बराच काळ बाकावर बसवून ठेवलं. त्याची सामन्यामागची सरासरी त्या वर्षी जेमतेम सात गुण. पुढच्या वर्षी तेवीसच्या वर, मग तीसच्या आसपास आणि शेवटच्या, १९६६-६७च्या हंगामात ४१.५. त्या हंगामात संघाने ३१ सामने जिंकले, एक हरला. अंतिम सामना ओहायो नदीकाठच्या इव्हान्सव्हिल शहरात झाला. पडुकाह याच नदीवर, खालच्या अंगाला. साउथवेस्ट मिसुरीवर ७७-७४ अशी मात करून कृष्णवर्णीयांच्या कॉलेजाने पहिल्यांदा एनसीएए या राष्ट्रीय कॉलेज क्रीडा संघटनेचं बास्केटबॉल विजेतेपद मिळवलं. लहान कॉलेजांच्या गटातलं होतं, पण होतं.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९६६ साली, टेक्सस वेस्टर्न कॉलेजच्या पाच काळ्या खेळाडूंनी रप यांच्या निव्वळ गोऱ्या संघाला मोठ्या गटाच्या अंतिम सामन्यात हरवलं होतं. काळ्या खेळाडूंना बाहेर ठेवून जिंकता येणार नाही, हा धडा हरणाऱ्यांनी त्यातून घेतला. विन्स्टन-सेलममध्ये तर तो आधीपासूनच कुणाला तरी कळला होता: त्याच शहरातल्या वेक फॉरेस्ट या गोऱ्यांच्या मोठ्या विद्यापीठाचे तरुण साहाय्यक प्रशिक्षक बिली पॅकर गेन्स यांच्या जिममध्ये सामने पाहायला येऊन बसत, आणि दोन्ही संघांचे गाजावाजा न करता सराव-सामने होत. आता हिशेब उघड झाला. चार्ली स्कॉट हा काळा खेळाडू १९६६मध्ये चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात गेला. रप यांनीही १९६९ साली पहिला काळा खेळाडू करारबद्ध केला. गेन्स यांच्या वाट्याचा पुढचा मन्रो आता दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसणार होता.

वर्णभेद काळ्या कॉलेजांच्या पथ्यावर पडला, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. दार उघडलं हे न्यायाचंच झालं. तक्रार आहे ती ते ज्या रीतीने उघडलं तिच्याबद्दल. खेळाडू भराभर उचलले गेले, त्यांना घडवणारे मात्र जागच्या जागी राहिले. एनसीएएच्या वरच्या विभागात पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, विल रॉबिन्सन, नेमला गेला तो १९७० साली, इलिनॉय स्टेटमध्ये. मुलं घेताना दाखवलेली घाई गुरू घेताना दिसली नाही. एकत्रीकरण म्हणायचं आणि एकाच बाजूचा माल न्यायचा, हा व्यवहार आपल्यालाही अनोळखी नसावा.

गेन्स मात्र जिंकत राहिले. १९७० आणि १९७७मध्ये काळ्या कॉलेजांच्या सीआयएए स्पर्धेचं विजेतेपद त्यांच्याकडे आलं, १९८२ साली बास्केटबॉलच्या नायस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं. दरम्यान कॉलेजचं क्रीडागृह त्यांच्या नावाने उभं राहिलं. हयातीत स्वतःच्या नावाच्या इमारतीत रोज कामाला जाणं हे कुणालाही बिघडवू शकतं. उतार आलाच. हरण्याची वर्षं वाढली, तब्येत साथ देईना. तेव्हा त्यांच्याच संघातला एक मुलगा, पुढे टीव्हीवर गाजलेला स्टीफन ए. स्मिथ, याने कॉलेजच्या वृत्तपत्रात लिहिलं की कोचनी प्रकृतीसाठी आता थांबावं. कॅम्पसवर एकच गदारोळ उडाला. गेन्स त्या मुलाच्या पाठीशी उभे राहिले. सल्ला मात्र लगेच मानला नाही, आणि संघ हरतच राहिला.