खरी एकादशी कोणती?

बंगळुरूच्या येलहंका न्यू टाउनमधल्या आमच्या इमारतीत एकादशी काही वेळा दोन दिवस चालते. पहिल्या दिवशी आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी आणि वरीचे तांदूळ होतात. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या माध्व, म्हणजे वैष्णव, अज्जींचा उपवास असतो. त्या पाण्याचा थेंबही घेत नाहीत आणि तिसऱ्या दिवशी पहाटे हादग्याच्या पानांची भाजी करून पारणं करतात. माझी नववीतली मुलगी दोन्ही घरांत सारखीच वावरते. तिने एकदा विचारलं, "आई, यातली खरी एकादशी कोणती?"

"ज्याची त्याची श्रद्धा" असं म्हणून हा प्रश्न मिटवता येतो. पण ते उत्तर नव्हे. सत्य एक असेल तर ते पाळण्याच्या दोन रीती एकाच वेळी प्रामाणिक असू शकतात का, हे तिला हवं होतं. आपल्या परंपरेत या प्रश्नाचा बारकाईने विचार झालेला आहे.

तिथी ही चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या अंतराची गोष्ट. हे अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी पुरी होते. १२० ते १३२ अंशांच्या दरम्यान शुद्ध एकादशी. आकाशात इथवर मतभेद नाही. पण तिथी सूर्योदयाला सुरू होत नाही, ती दिवसरात्रीत केव्हाही लागते. मग उपवास कोणत्या दिवशी? स्मार्त मंडळी सूर्योदयाची तिथी बघतात. वैष्णव त्याच्या चार घटका आधीचा, म्हणजे ९६ मिनिटांचा, अरुणोदयही बघतात. त्या वेळात दशमीचा अंश उरला असेल तर तो दिवस त्यांना चालत नाही, ते दुसऱ्या दिवशी उपवास करतात. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास लिहिलेल्या 'धर्मसिंधू'त हे दोन्ही निर्णय आहेत, कोणाला कोणता लागू तेही दिलं आहे. एक मान्य करण्यासाठी दुसरा खोडून काढावा असं त्यांना वाटलं नाही.

याचं मोल मला माझ्या कामामुळे नीट कळलं. मी ज्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहिते त्याची जुनी आवृत्ती अजून कित्येक ठिकाणी चालू आहे. तिच्यातल्या चुका दुरुस्त कराव्या लागतात आणि त्याच वेळी नवी आवृत्तीही घडत असते. दोन्हींचा उगम एक, पण त्या कधीच पुन्हा एक होणार नाहीत, कारण दोघींचं कर्तव्य वेगळं आहे. पूर्वी अशा वेळी सहसा दोन सोयी वापरल्या जात. एक तर हातातलं अर्धवट काम 'स्टॅश' करून बाजूला सारायचं आणि त्याच जागेवर दुसऱ्या आवृत्तीची शाखा उघडायची. नाही तर सगळा कोडच दुसऱ्यांदा 'क्लोन' करून घ्यायचा. पहिल्यात अर्धवट राहिलेलं विसरलं जातं. दुसऱ्यात दोन स्वतंत्र इतिहास तयार होतात, आणि एकीकडे झालेली नोंद मुद्दाम आणल्याशिवाय दुसरीकडे पोचत नाही.

२०१५ साली गिट या कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनाच्या २.५ आवृत्तीत 'वर्कट्री' ही सोय आली. तिच्यात प्रत्येक शाखेला कामाची वेगळी डिरेक्टरी मिळते, पण मागचा साठा एकच राहतो. जोडलेल्या डिरेक्टरीत इतिहासाची नक्कल नसते, फक्त मूळ साठ्याचा पत्ता सांगणारी एक छोटी फाइल असते. एका जागी केलेली नोंद त्याच क्षणी सामाईक साठ्यात जमा होते. आणि एक नियम आहे: तीच शाखा दोन डिरेक्टरींत उघडायला गेलं तर गिट नकार देतं. एका जागेवर शाखा पुढे सरकेल आणि दुसऱ्या जागेला त्याचा पत्ता नसेल, म्हणून हा नकार.

या नियमात मला धर्मविचार दिसतो. वाटा अनेक असोत, पण प्रत्येकीला तिची पुरती जागा हवी. दोन्ही दिवस अर्धा अर्धा उपवास करणारा कोणाचाच नियम पाळत नाही. आणि दुसऱ्याचं मूळ आपल्या मुळापासून तुटलेलं आहे असं मानणारा भेद वाढवतो. तेव्हाच पंथाचं भांडण होतं.

इथे कोणी विचारील की मग सगळंच बरोबर का? नाही. निवड करावीच लागते, आणि ती कशी करावी याचं एक उदाहरण आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि ते १९६६ साली पुरं झालं. एकूण १,२५९ हस्तलिखितं वापरली गेली. पाठ पडताळण्याचं काम पुण्याबरोबर शांतिनिकेतनात आणि तंजावरच्या सरस्वती महालातही, म्हणजे तिथल्या मराठी राजांनी वाढवलेल्या ग्रंथालयात, चाललं. विष्णु सीताराम सुखठणकरांनी घालून दिलेल्या पद्धतीत प्रत्येक श्लोकाचा एक पाठ पुरावा तोलून निवडला, तो वर छापला; न निवडलेले पाठ त्याच पानाच्या तळाशी, कोणत्या हस्तलिखितातले ते सांगून दिले. हे मूळ व्यासांचंच भारत, असा दावा त्यांनी केला नाही. उपलब्ध पुराव्यावरून गाठता येईल तितकं जुनं रूप, एवढंच ते म्हणाले. निवड ठाम, पण न निवडलेलं पुसायचं नाही, ही शिस्त मी सत्यनिष्ठेची सर्वांत मोठी कसोटी मानते.

सगळं एकात मिसळून टाकणं म्हणजे ऐक्य, असं हल्ली फार मानलं जातं. सणाची एकच तारीख, कथेचं एकच रूप, पूजेची एकच रीत. हे मला खरंच भीतिदायक वाटतं. दोन शाखा जुळवताना एकाच ओळीवर दोन वेगळे बदल आढळले की गिटसुद्धा थांबतं आणि माणसाला विचारतं. स्वतःहून एक बाजू पुसत नाही. माणसांनी याहून कमी विवेक दाखवू नये.

मुलीला मी सांगितलं की दोन्ही एकादश्या खऱ्या आहेत, कारण दोन्ही एकाच चंद्राच्या हिशेबाने आणि सांगता येईल अशा नियमाने ठरतात. आपल्या घरी स्मार्त नियम आहे. तू तो पाळशील तर पुरता पाळ. मात्र अज्जींच्या नियमाचं कारणही तुला त्यांच्याइतकंच नीट सांगता आलं पाहिजे.

वाचकांनाही माझी हीच विनंती आहे. पंचांगात पुढच्या खेपेला स्मार्त आणि भागवत (म्हणजे वैष्णव) अशा दोन एकादश्या दिसल्या, तर आपली पाळा, आणि दुसरी का वेगळी पडली ते घरातल्या मुलांना समजावून सांगा.